फोन तापतोय म्हणजे कोणी ऐकतंय का? लक्षण आणि पुरावा यांच्यातल्या अंतराचा वीस वर्षांचा इतिहास



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. हॉस्टेलमधली माझी रूममेट एका रात्री फोन हातात घेऊन माझ्या कॉटवर येऊन बसली. "अगं, हात लावून बघ. काही न करता हा इतका तापतो. सकाळी शंभर टक्के चार्ज केला की दुपारपर्यंत वीसवर येतो. आणि..." जरा थांबून ती म्हणाली, "मी कुठे जाते, कधी परत येते, हे त्याला कळतं." 'त्याला' म्हणजे कोणाला, हे मला विचारावं लागलं नाही. ते नातं तिने सहा महिन्यांपूर्वी संपवलं होतं.

मी काय केलं? सायन्समध्ये एम.एस्सी. केलेल्या, दिवसभर लॅबमध्ये डेटा तपासणाऱ्या मुलीने जे करू नये नेमकं तेच. दुसऱ्या दिवशी तिला कोपऱ्यावरच्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने दोन मिनिटं फोन पाहिला. "व्हायरस असेल मॅडम. फॉरमॅट मारून देतो, एकदम नव्यासारखा होईल." आम्ही हो म्हणालो. फोन तापायचा थांबला. आणि आत नेमकं काय होतं हे कळायची वाटही त्याच वेळी कायमची बंद झाली.

त्यानंतर मी या विषयाचा इतिहास वाचत गेले. फोनमधली हेरगिरी आजवर पकडली कोणी, आणि कशावरून? हा माझ्या पीएच.डी.चा विषय नाही. पण तुमच्यापैकी जे पेट देताय, रिसर्च प्रपोजल लिहिताय, त्यांना 'लक्षण' आणि 'पुरावा' यातला फरक सांगायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण अजून सापडलेलं नाही.

२००४ : लक्षण खरं बोलत होतं

जून २००४ मध्ये 'कॅबिर' नावाचा वर्म अँटिव्हायरस कंपन्यांच्या हाती आला. एका मोबाईलवरून दुसऱ्या मोबाईलवर पसरणारा हा पहिला वर्म मानला जातो. सिम्बियन सिरीज ६० या प्रणालीच्या फोनवर, म्हणजे मुख्यतः नोकियाच्या फोनवर, तो चालायचा आणि ब्लूटूथवरून पसरायचा. समोरच्याने फाइल स्वीकारून इन्स्टॉल केली की पडद्यावर त्याचं नाव झळकायचं. तो काही चोरत नव्हता. पण लागण झालेला फोन आजूबाजूचे ब्लूटूथ फोन सतत शोधत राहायचा, त्यामुळे बॅटरी भराभर उतरायची.

पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये 'कॉमवॉरियर' आला. तो ब्लूटूथबरोबर एमएमएसनेही पसरायचा, आणि प्रत्येक एमएमएसचे पैसे फोनच्या मालकाच्या बिलात लागायचे.

म्हणजे बघा, या काळात लक्षण आणि कारण यांचा थेट संबंध होता. बॅटरी का उतरली? वर्म शोध घेतोय म्हणून. बिल का वाढलं? वर्म मेसेज पाठवतोय म्हणून. 'बॅटरी लवकर संपते का, फोन तापतो का, बिल वाढलंय का' ही आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी यादी, माझ्या मते, या काळाची आहे. त्या काळापुरती ती बरोबरही होती. फक्त ती लिहिली गेली तेव्हाचे व्हायरस गोंगाट करणारे होते.

अथेन्स : बिघाड एकीकडे, हेर दुसरीकडे

त्याच सुमारास ग्रीसमध्ये एक अगदी वेगळा प्रकार चालू होता. ऑगस्ट २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकच्या आसपास शंभरहून जास्त लोकांचे मोबाईल कोणीतरी ऐकत होतं. त्यात पंतप्रधान कोस्तास कारामानलिस होते, मंत्री होते, बडे अधिकारी होते. हे सगळे वोडाफोन ग्रीसचे ग्राहक. त्यांच्या हँडसेटमध्ये काहीही घातलेलं नव्हतं. घुसखोरांनी कंपनीच्या एक्सचेंजमधल्या एरिक्सनच्या स्विचमध्ये आपलं सॉफ्टवेअर बसवलं होतं. कायदेशीर टॅपिंगसाठी अशा स्विचमध्ये जी सोय असते, तिचाच चोरून वापर करून ठरावीक नंबरांच्या कॉलची प्रत काही प्रीपेड मोबाईलकडे वळवली जायची. चालू प्रोसेसच्या यादीतही हे सॉफ्टवेअर दिसायचं नाही.

ते सापडलं कसं? जानेवारी २००५ मध्ये घुसखोरांनी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये काही बदल केला आणि त्यात गडबड झाली. दुसऱ्या मोबाईल कंपनीकडून येणारे काही एसएमएस पोचेनासे झाले. तक्रारी आल्या, एरिक्सनने तपास केला आणि मार्चच्या सुरुवातीला ते सॉफ्टवेअर हाती लागलं.

इथे दोन गोष्टी टिपून ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, ज्यांचे फोन ऐकले जात होते त्यांना कसलंच लक्षण दिसलं नव्हतं. लक्षण दिसलं ते एसएमएस न पोचलेल्या भलत्याच लोकांना.

दुसरी जास्त महत्त्वाची. ८ मार्च २००५ ला कंपनीच्या प्रमुखांनी ते सॉफ्टवेअर तात्काळ काढून टाकायचा आदेश दिला. ग्राहकांच्या दृष्टीने पाहिलं तर यात चूक काय? बिघाड सापडला, काढला. पण त्यामुळे घुसखोर सावध झाले. कॉलची प्रत ज्या मोबाईलवर जात होती ते बंद पडले, आणि ते चालू असताना कुठे आहेत हे शोधायची संधी गेली. पुढे चौकशीत असंही दिसलं की एक्सचेंजमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सह्यांच्या वह्या ठरलेल्या मुदतीनंतर नेहमीप्रमाणे नष्ट झाल्या होत्या. फेब्रुवारी २००६ मध्ये सरकारने प्रकरण जाहीर केलं तेव्हा 'काय झालं' हे बरंचसं कळलं होतं, पण 'कोणी केलं' याचा माग बराच पुसला गेला होता.

हे वाचताना मला आमचा दुकानदार आठवला. फॉरमॅट मारणं म्हणजे तेच. दुरुस्ती आणि तपास ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुरुस्ती आधी केली तर तपासाला काही उरत नाही.

गप्प राहणं हेच कौशल्य

मार्च २००६ मध्ये 'फ्लेक्सिस्पाय' नावाचं सॉफ्टवेअर बाजारात आलं. जोडीदारावर नजर ठेवायला म्हणून ते उघडपणे विकलं जायचं. फोन पाच-दहा मिनिटं हातात घेऊन ते बसवायचं, मग त्या फोनचे एसएमएस आणि कॉलच्या नोंदी विकत घेणाऱ्याला वेबसाइटवर दिसायच्या. फिनलंडच्या एफ-सिक्युअर या कंपनीने त्याला ट्रोजन ठरवलं. विकणाऱ्यांचं म्हणणं असं की हा व्हायरस नाही, कारण तो आपोआप पसरत नाही, माणूस स्वतः बसवतो.

हा वाद शब्दांचा वाटतो, पण इथे खेळ बदलला. कॅबिरला दिसायचं होतं. फ्लेक्सिस्पाय दिसलं तर कोणी विकतच घेणार नाही. लक्षण न दाखवणं हाच आता मालाचा दर्जा झाला. म्हणजे ज्या यादीवर आपण अजून विसंबून आहोत, तिला चुकवणं हेच या धंद्याचं काम आहे.

न दाबलेली लिंक

आता थेट ऑगस्ट २०१६. संयुक्त अरब अमिरातीतले मानवी हक्क कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना १० आणि ११ तारखेला दोन एसएमएस आले. देशातल्या तुरुंगांत होणाऱ्या छळाची नवी गुपितं या लिंकवर आहेत, असा मजकूर. त्यांचा आयफोन तापला नव्हता, बॅटरीही उतरत नव्हती. पण आधी दोनदा त्यांच्यावर असे हल्ले झाले होते, त्यामुळे त्यांना शंका आली. त्यांनी लिंक दाबली नाही आणि मेसेज डिलीटही केले नाहीत. ते टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबकडे पाठवून दिले.

तिथे बिल मार्झॅक आणि जॉन स्कॉट-रेल्टन यांनी काय केलं ते रिसर्चला येणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. त्यांनी एक वेगळा आयफोन घेतला, तो फॅक्टरी रिसेट केला, त्यात मन्सूर यांच्या फोनवर होती तीच आयओएस ९.३.३ ही आवृत्ती होती, आणि नेटवर्कवर काय येतं-जातं त्याची नोंद घेत ती लिंक उघडली. कोरं पान दिसलं, थोड्या वेळात ब्राउझर आपोआप बंद झाला. पडद्यावर एवढंच. पण नोंदींमध्ये दिसलं की तोपर्यंत कोणालाच माहीत नसलेल्या तीन त्रुटी एकामागोमाग वापरून फोनमध्ये काहीतरी उतरवलं गेलंय. ते होतं इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचं पेगासस. लुकआउट या कंपनीच्या मदतीने विश्लेषण झालं, ॲपलला कळवलं गेलं आणि ऑगस्ट संपायच्या आत ९.३.५ हा अपडेट आला.

इथेही फॅक्टरी रिसेट झाला, पण कशावर? नमुन्यावर नाही, कंट्रोलवर. मूळ पुरावा जसाच्या तसा, आणि प्रयोग दुसऱ्या स्वच्छ फोनवर. लॅबमध्ये आपण ब्लँक आणि सॅम्पल वेगळे ठेवतो ना, अगदी तसंच.

मन्सूर यांना मार्च २०१७ मध्ये अटक झाली आणि २०१८ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी जपून ठेवलेल्या दोन मेसेजमुळे जगातल्या सगळ्या आयफोनधारकांना अपडेट मिळाला. ते स्वतः तुरुंगात गेले.

पुसलेल्या नावाची उधारी

२०१९ मध्ये लिंक दाबायचीही गरज उरली नाही. एप्रिल-मे महिन्यांत व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलमधल्या त्रुटीतून सुमारे १४०० फोनवर हल्ला झाला. कॉल उचलला नाही तरी चालत होतं. त्यात भारतातले पत्रकार, वकील, कार्यकर्ते होते. नागपूरमधले एक मानवी हक्क वकीलही होते. त्यांना ही गोष्ट स्वतःच्या फोनवरच्या लक्षणांवरून समजली नाही. बाहेरून कळवलं गेलं तेव्हा समजली.

मग प्रश्न उरतो, फोन काहीच सांगत नसेल तर विचारायचं कोणाला? जुलै २०२१ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या सिक्युरिटी लॅबने आपली तपासपद्धत जाहीर केली आणि 'एमव्हीटी' हे तपासायचं साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यातला एक भाग मला फार आवडतो. कोणत्या प्रोसेसने किती डेटा वापरला याची नोंद आयफोन स्वतःच ठेवतो. एका तक्त्यात प्रोसेसचं नाव, दुसऱ्यात तिचा वापर. पेगासस पहिल्या तक्त्यातून आपलं नाव पुसत होतं, पण दुसऱ्यातली वापराची ओळ तशीच राहत होती. किराणा दुकानाच्या वहीतून गिऱ्हाइकाचं नाव खोडलं, पण उधारीची रक्कम खोडायला विसरले, तसं. ही रक्कम कोणाची, या प्रश्नातून शोध सुरू झाला.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या लोकांच्या फोनवर त्याच विचित्र नावांच्या प्रोसेस सापडतात का, त्यांची वेळ संशयित सर्व्हरशी झालेल्या संपर्काच्या वेळेशी जुळते का, हे पाहिलं. सिटिझन लॅबने ती पद्धत स्वतंत्रपणे तपासली. एक खूण म्हणजे शंका. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या तीन खुणा एकाच दिशेने जायला लागल्या की मग पुरावा म्हणता येतो.

आता आकडे नीट वाचा. तेव्हा एकूण ६७ फोन तपासले गेले. २३ मध्ये यशस्वी घुसखोरीच्या खुणा, १४ मध्ये प्रयत्नाच्या खुणा, आणि ३० मध्ये काहीच ठामपणे सांगता आलं नाही. त्यातल्या कित्येकांनी मधल्या काळात हँडसेटच बदलला होता. १५ फोन अँड्रॉइड होते आणि त्यातल्या एकातही यशस्वी घुसखोरी सापडली नाही. मग अँड्रॉइड सुरक्षित ठरलं का? नाही. ज्या नोंदींवरून आयफोनमध्ये माग लागला, तशा नोंदी अँड्रॉइड ठेवतच नव्हतं.

हाच पेच आपल्याकडेही दिसला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये नेमलेल्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आलं की ५ फोनमध्ये कसलंतरी मालवेअर आढळलं, पण ते पेगाससच आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. या एका वाक्यावर एका बाजूने 'पाहा, काहीच नव्हतं' म्हटलं, तर दुसरीने 'पाहा, मालवेअर होतं'. 'सापडलं नाही', 'नव्हतं' आणि 'सांगता येत नाही' ही तीन वेगवेगळी वाक्यं आहेत. थिसिसमध्ये यांची अदलाबदल केलीत तर व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक तिथेच पकडतील.

२०२३ : शिकारी स्वतःच सावज

१ जून २०२३ ला कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने जाहीर केलं की त्यांच्याच कर्मचाऱ्यांच्या आयफोनमध्ये हेरगिरी चालू होती. सर्वात जुन्या खुणा २०१९ च्या. म्हणजे मालवेअर शोधणं हा ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या खिशातल्या फोननेही त्यांना काही सांगितलं नाही. कळलं ते ऑफिसच्या वाय-फायवरच्या नोंदींमध्ये संशयास्पद हालचाल दिसली तेव्हा. मग त्यांनी फोनचे बॅकअप घेतले आणि तेच एमव्हीटी वापरून तपासले. बाहेरून दिसणारी एक अप्रत्यक्ष खूण मात्र त्यांनी नोंदवली : लागण झालेल्या फोनवर आयओएसचा अपडेट होत नव्हता.

बॅटरी नाही, तापणं नाही, अपडेट न होणं. २००४ ची यादी किती जुनी झालीय ते यावरून लक्षात यावं.

मग आपल्या फोनचं काय करायचं?

हा इतिहास वाचून घाबरायचं कारण नाही. पेगाससारखी साधनं महाग असतात, निवडक लोकांवर वापरली जातात. तुमचा-माझा फोन तापतो त्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात : जुनी बॅटरी, खोलीत रेंज कमी असल्याने सिग्नल धरायला फोनला जास्त जोर लावावा लागणं, मागे चाललेला फोटोंचा बॅकअप, नुकताच झालेला अपडेट, चार्जर. सेटिंगमध्ये कोणतं ॲप किती बॅटरी आणि किती डेटा खातंय ते दिसतं. आठवडाभर रोज ठरावीक वेळी ते लिहून ठेवा. तुमच्या फोनचं 'नेहमीचं' काय आहे हे माहीत नसेल तर 'विचित्र' काय हे कसं ठरवणार?

खरी शंका असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी नोंद, मग तपास, मग दुरुस्ती. दुसऱ्या फोनने पडद्याचे फोटो काढा, तारीख-वेळ वहीत लिहा. कोणत्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनची परवानगी आहे, अनोळखी ॲप कोणतं आहे ते पाहा. व्हॉट्सअ‍ॅपमधली लिंक केलेल्या डिव्हाइसची यादी, गुगल किंवा ॲपल अकाउंटमध्ये लॉगिन असलेल्या डिव्हाइसची यादी आणि मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग तपासा. *#२१# डायल केल्यावर 'टॅपिंग' कळतं असं सांगतात, ते खरं नाही. त्यावरून फक्त कॉल फॉरवर्डिंग चालू आहे का तेवढंच दिसतं.

आणि नजर ठेवणारा ओळखीतला असेल तर एक गोष्ट आणखी. संशयित ॲप घाईने काढू नका. काढल्याचं त्याला लगेच कळू शकतं, आणि तो हिंसक असेल तर धोका वाढतो. आधी विश्वासातल्या माणसाच्या फोनवरून मदत मागा. महिला हेल्पलाइन १८१ आहे, सायबर पोलिस आहेत. नोंदी जपलेल्या असतील तर त्यांनाही काहीतरी हातात मिळतं.

आमच्या फोनचं पुढे काय झालं

फॉरमॅटनंतर दोन आठवड्यांनी रूममेट परत माझ्या कॉटवर येऊन बसली. फोन थंड होता, पण 'त्याला' अजून सगळं कळत होतं. या वेळी आम्ही दुकानात गेलो नाही. वही घेतली, तिच्या गुगल अकाउंटची डिव्हाइसची यादी उघडली. त्यात तिचा तीन वर्षांपूर्वीचा जुना हँडसेट दिसला, अजून लॉगिन असलेला. नवा फोन घेतला तेव्हा तो तिने त्याला वापरायला दिला होता. त्या फोनवरून तिचं लोकेशन बसल्या जागी दिसत होतं. मालवेअर लागलंच नाही. फॉरमॅट मारून उपयोग होणारच नव्हता, कारण फोन पुसला तरी अकाउंट तेच राहिलं.

त्या वेळी आम्ही आधी स्क्रीनचे फोटो काढले, तारीख लिहिली, तिच्या मोठ्या बहिणीला फोन करून सांगितलं, मगच तो हँडसेट अकाउंटमधून काढला आणि पासवर्ड बदलला.

आणि फोन का तापत होता? माहीत नाही. बॅटरी असेल, एखादं ॲप असेल, आणखी काही असेल. दोन वेगळ्या गोष्टी आम्ही एकच समजून बसलो होतो, आणि त्यातल्या एकीचा पुरावा पावणेतीनशे रुपये देऊन स्वतःच पुसून आलो. माझ्या रिसर्चच्या वहीत पहिल्या पानावर आता एकच ओळ आहे : काही दुरुस्त करायच्या आधी मूळ डेटाची प्रत काढ.